फुटून निघालेल्यांची शाळा

१९१३ साली किर्लोस्कर नाटक मंडळीतून तिघेजण बाहेर पडले. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, गोविंदराव टेंबे, आणि गणपतराव बोडस. तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. ही गोष्ट आपल्याकडे नाट्यपदांसकट सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शालू, अत्तर आणि ऑर्गन उभे राहतात. माझ्या डोळ्यांपुढे आधी भागीदारीचा कागद येतो. तिघांपैकी तिजोरीची किल्ली कुणाकडे? एकाला निघावंसं वाटलं तर पडदे कुणाचे? मंडळीचं नाव ज्याच्या पदवीवरून पडलं, त्याच्याशी बाकी दोघं भांडणार कसे?

असे प्रश्न पडतात, कारण माझं पोट त्यांच्यावरच चाललं. मी सावंगीला राहते आणि वर्ध्याच्या कचेऱ्यांमध्ये संस्थांची कागदपत्रं करते. वकील नाही, सीए नाही. प्रोसिडिंग बुक नीट लिहून देणं, वर्षाचे हिशेब ऑडिटला जाण्याजोगे लावणं, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करणं, एवढं माझं क्षेत्र. गणेश मंडळं, भजनी मंडळं, वाचनालयं येतात. त्यांच्याबरोबर नाट्यसंस्थाही येतात. राज्य नाट्य स्पर्धेला, कामगार कल्याणच्या स्पर्धेला नाटक नेणाऱ्या या छोट्या संस्थांची फाईल उघडली की मला त्यांचं पुढचं भविष्य बहुधा दिसतं. अध्यक्ष, सचिव, दिग्दर्शक आणि नायक एकच माणूस असतो. वर्षानुवर्षं त्याचीच सही. तो थकतो किंवा जातो, आणि मग नव्वद दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट कुणी द्यायचा, यावरून दोन गट पडतात. एक गट जुनं नाव धरून बसतो, दुसरा नवी संस्था नोंदवायला माझ्याकडेच येतो. दोन्ही गटांना मी चहा पाजते.

हल्ली कलावंतांसाठी व्यवस्थापनाच्या, नेतृत्वाच्या कार्यशाळा निघतात आणि हे काहीतरी नवं, परदेशी आलंय असं बोललं जातं. मला ते पटत नाही. मराठी नाटकवाले कारभार पहिल्यापासून शिकले. त्यांची शाळा मात्र विचित्र होती: एका मंडळीत राहून दुसऱ्याच्या पैशाने शिकायचं आणि शिकून झालं की फुटून निघायचं.

सुरुवात सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. दरबार पाठीशी असला की हिशेबाची चिंता दरबाराची. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय तुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन मुलूख फिरावा लागला. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. आपल्या रंगभूमीचा इतिहास लिहिताना १८४३ ला जेवढा मान मिळतो, त्याच्या निम्मा तरी या तिकिटाला मिळायला हवा. राजाला खूश करणं आणि दारावर पैसे मोजून आत आलेल्या अनोळखी माणसाला खूश करणं, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. नट, सोंगं, सामान, बैलगाड्या, मुक्काम, परवानगी आणि गल्ला हे सगळं एका माणसाने सांभाळायचं, हा धंदा त्या दौऱ्यांतून जन्मला.

अण्णासाहेब किर्लोस्कर हे रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतले नोकर. आम्हा कारकुनांना याचा उगाच अभिमान. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’ झालं आणि त्यातून जी किर्लोस्कर मंडळी उभी राहिली ती पाच वर्षांत, १८८५ मध्ये, अण्णासाहेब गेले तरी मोडली नाही. माझ्या दृष्टीने हा त्या मंडळीचा सर्वांत मोठा पराक्रम. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज होता, गोविंद बल्लाळ देवलांची तालीम होती, हे खरंच. पण आणखी एक माणूस होता ज्याचं नाव गाण्याच्या मैफलीत निघत नाही. शंकर बापूजी मुजुमदार. सुरुवातीच्या ‘शाकुंतला’त शकुंतला झालेला हा नट पुढे मंडळीचा व्यवस्थापक झाला. त्यांनी अण्णासाहेबांचं चरित्र लिहिलं, ‘रंगभूमि’ नावाचं मासिक चालवलं. साडी नेसून रंगमंचावर उभं राहिलेला माणूस पुढे वह्या घेऊन बसतो, तेव्हा त्याला दोन्हीकडचं कळतं. नटाचा घसा बसला की बुकिंगचं काय होतं हे त्याला वहीतून कळतं, आणि पगार लांबला की नटाचा सूर कसा लागतो हे अनुभवातून.

मंडळीत शिकणं व्हायचं कसं? तालमीला गुरू होता, हिशेबाला नव्हता. पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना पालक त्याला मंडळीत घालत. तो मंडळीच्या बिऱ्हाडात राहायचा, मंडळीच्या पंगतीत जेवायचा. त्या पंगतीही जातीजातींच्या निरनिराळ्या असत, हे विसरून त्या दिवसांचं कौतुक करू नये. पोरगा सकाळी गळा तापवायचा, दुपारी हँडबिलं वाटायला जायचा, रात्री कोरसात उभा राहायचा आणि प्रयोग संपल्यावर ट्रंका मोजायचा. कोणत्या गावात कापसाचा पैसा केव्हा येतो, कोणत्या स्टेशनवर सामान उतरवायला हमाल मिळत नाहीत, कोणता सावकार किती टक्क्यांवर थांबतो, हे त्याच्या कानावर आपसूक पडायचं. आचारी नाराज झाला तर दुसऱ्या दिवशीचा पहिला अंक ढासळतो, हेही. वीस वर्षांचा होईतो त्याला कंपनी चालवायचं सगळं ठाऊक झालेलं असे. एकच गोष्ट ठाऊक नसे: मालकाच्या मनात काय आहे. आणि मालकाला हे कळत नसे की कोरसातला पोरगा मोजतोय.

केशवराव भोसले त्यातलेच. जनुभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक मंडळीत हा मुलगा लहानपणीच नावारूपाला आला. सतरा-अठरा वर्षांचा असताना बाहेर पडला आणि १ जानेवारी १९०८ ला हुबळीत ‘ललितकलादर्श’ उभी केली. आजच्या हिशेबाने हा मुलगा बारावीचा फॉर्म भरत असता. अमरावतीच्या वीर वामनराव जोशांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्याच्या मंडळीने गाजवलं, म्हणून आम्हा वैदर्भीयांना तो थोडा जवळचा.

किर्लोस्कर मंडळीत भाऊराव १९०१ मध्ये गेले, नानासाहेब जोगळेकर १९११ मध्ये. कारभारावरून मतभेद वाढले आणि तिघे निघाले ते आपण वर पाहिलं. पण या तिघांची भागीदारीही टिकली नाही. टेंबे काही वर्षांत बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज मंडळी काढली. पुढे बोडसही गेले. दोघांनीही आत्मचरित्रं लिहिली, टेंब्यांचं ‘माझा जीवनविहार’, बोडसांचं ‘माझी भूमिका’. भागीदारीच्या केसेस हाताळणाऱ्या कुणीही ती वाचावीत. गाण्यासाठी सगळेच वाचतात.

मागे राहिले बालगंधर्व, एकटे मालक. इतका मोठा नट मालक असणं ही मंडळीची श्रीमंती होती आणि दुखणंही तेच. खर्चाला ‘नाही’ म्हणणारा माणूस आत उरला नाही. नट म्हणून त्यांना खरा शालू हवा असायचा, खरं अत्तर हवं असायचं, पंगत राजाची हवी असायची; आणि मालक म्हणून त्या मागणीवर सही करणारेही तेच. प्रेक्षकाला ते वैभव मिळालं, मंडळीला कर्ज मिळालं. बोलपटांचा काळ येऊन ठेपेपर्यंत गंधर्व मंडळीचा डोलारा त्या कर्जासकट उभा होता. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व पडद्यावर दिसतात तेव्हा त्यांच्या मंडळीचं युग सरलेलं असतं. बालगंधर्वांना कारभार कळत नव्हता असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं, कळत असता तरी फरक पडला नसता. एकच माणूस हवं म्हणणारा आणि नको म्हणणारा होऊ शकत नाही. मुजुमदारांसारखा शत्रू त्यांना मंडळीच्या आतच हवा होता. त्याला ते १९१३ ला मागे सोडून आले.

तिकडे किर्लोस्कर मंडळीतून आणखी एक तुकडा निघाला. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. पुन्हा तिघे. इथे गाणारा एक, बोलणारा आणि कारभार पाहणारा दुसरा, अशी वाटणी होती आणि ती बरीच वर्षं चांगली चालली. वीर वामनराव जोशांचंच ‘रणदुंदुभि’ याच मंडळीने केलं. घसरले ते नाटकात नाही, चित्रपटात. बळवंत पिक्चर्सचा ‘कृष्णार्जुन युद्ध’ १९३४ मध्ये आला आणि मंडळीचा पैसा खाऊन गेला. चिंतामणरावांचं ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र १९५७ मध्ये निघालं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझ्याकडची प्रत पेन्सिलच्या खुणांनी भरली आहे. नाट्यव्यवस्थापनाचं मराठी पाठ्यपुस्तक कुणी मागितलं तर मी तेच काढून देते. मात्र परत घेते.

या सगळ्या गर्दीत ललितकलादर्शचं वेगळेपण डोळ्यांत भरतं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं, केशवराव आणि बालगंधर्व एका रंगमंचावर. तीन महिने होत नाहीत तोच ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, ऐन एकतिशीत. मालक गेला, गळा गेला. आता मंडळी फुटणार, हे कुणीही सांगितलं असतं. फुटली नाही. मंडळीतल्याच बापूराव पेंढारकरांनी ती अंगावर घेतली. मामा वरेरकरांची नवी, सामाजिक नाटकं करून तिला दुसरं आयुष्य दिलं. बापूराव १९३७ मध्ये वारले. मधे खंड पडला आणि १९४२ मध्ये त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी मंडळी पुन्हा उभी केली. पडदा वेळेवर वर जाण्याबद्दलची त्यांची कडक शिस्त जुने नाटकवाले अजून सांगतात. साहित्य संघात होणारी नाटकं त्यांनी वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित करून ठेवली. हे मी कलाप्रेमापेक्षा दप्तर ठेवण्याच्या सवयीत धरते. ज्याला दप्तर ठेवता येतं त्याची संस्था पुढे जाते. २००८ मध्ये ललितकलादर्शला शंभर वर्षं झाली.

म्हणजे मंडळी टिकवणारे होते. पण त्यांच्या गोष्टी कुणी रंगवून सांगत नाही. फुटण्याच्या गोष्टीत भांडण असतं, संवाद असतात. टिकवण्याच्या गोष्टीत नुसत्या वह्या.

इथे थोडं घराजवळचं. सावंगीहून सेवाग्राम दूर नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि तिच्यातून नई तालीम ही शिक्षणपद्धती निघाली. सेवाग्रामच्या शाळेतल्या मुलांनी सूत कातायचं, किती कातलं ते लिहायचं, त्याचा हिशेब मांडायचा. स्वयंपाकघर, सफाई, बाग यांचे मंत्री मुलांनी आपल्यातून निवडायचे. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये इथे चित्रकला शिकवायला आले आणि पुढे बरीच वर्षं राहिले. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा होते, ग्रामोद्योग संघाचे. लंडनमध्ये शिकून आलेले हिशेब तपासनीस! कुंभार, विणकर, घाणीवाले यांच्या संगतीत त्यांनी आपली हिशेबाची विद्या वापरली. चित्र काढणारा हात आणि खर्च लिहिणारा हात एकाच मुलाचा असावा, हा विचार या जिल्ह्यात इतक्या आधी मांडला गेला. नाटक मंडळीतला पोरगा तो चोरून शिकला, सेवाग्रामच्या पोराला तो दिवसाउजेडी शिकवला गेला. दोन्ही जगांची गाठ मात्र पडल्याचं मला कुठे दिसलं नाही. सेवाग्रामला संगीत नाटकातला शालू चालला नसता, आणि मंडळीवाल्यांना सूत.

स्वातंत्र्यानंतर नाटकाचा धंदा बदलला. मंडळींची बिऱ्हाडं मोडली. नट ‘नाईट’वर काम करू लागला, म्हणजे प्रयोगाला इतके. पगार, पंगत, आजारपण ही जबाबदारी मालकावरून उतरली. तिच्याबरोबर ती शाळाही गेली, कारण ट्रंका मोजायला कुणी पोरगाच उरला नाही. फुटण्याची रीत तेवढी राहिली. ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये आलं ते रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनकडून; पुढच्याच वर्षी त्यातला नायक प्रभाकर पणशीकर ‘नाट्यसंपदा’ घेऊन उभा राहिला. मोहन वाघ आधी नाट्यसंपदेत होते, मग त्यांची स्वतःची ‘चंद्रलेखा’. प्रायोगिकवाले, ज्यांना गल्ल्याशी कर्तव्य नव्हतं, तेही याच वाटेने गेले. रंगायन फुटली आणि १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे यांची ‘आविष्कार’ आली. पुण्यात १६ डिसेंबर १९७२ ला प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने (पीडीए) ‘घाशीराम कोतवाल’ केलं. मोजके प्रयोग झाल्यावर संस्थेच्या वरिष्ठांनी ते थांबवलं. जब्बार पटेल, सतीश आळेकर आणि बाकी मंडळी बाहेर पडली आणि मार्च १९७३ मध्ये थिएटर अकादमी सुरू झाली.

गंमत पुढेच आहे. फुटून निघालेल्या याच संस्थेने दुसऱ्यांना शिकवायचं मनावर घेतलं. १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने थिएटर अकादमीने दोन योजना राबवल्या, त्यांची आखणी आळेकरांची. एक नाटककारांसाठी, दुसरी महाराष्ट्रातल्या प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासासाठी. नाटक कसं करायचं हे शिकवणारे पुष्कळ होते. नाटक करणारी संस्था कशी वाढवायची, हा विषय मराठीत उघडपणे पहिल्यांदा घेतला गेला तो बहुतेक तेव्हाच. ‘घाशीराम’सारखं चाळीसेक माणसांचं नाटक १९८० मध्ये युरोपात नेऊन आणलेल्या लोकांना त्या विषयावर बोलायचा अधिकार होता. परदेशी पैशावरून तेव्हा टीकाही झाली. ती मला गैर वाटत नाही. पण त्याच काळात आपला एखादा साखर कारखाना किंवा सहकारी बँक या कामाला पैसे द्यायला पुढे आली होती का, हेही विचारावं.

पुढे इंडिया थिएटर फोरमने इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स (आयएफए) आणि जुनून या संस्थांना सोबत घेऊन ‘स्मार्ट’ नावाचा अभ्यासक्रम काढला. तो खास नाट्यसंस्थांसाठी आणि खास व्यवस्थापनाचा. संस्थेचा हेतू काय, पैसा कुठून येणार, प्रेक्षक कोण, पाच वर्षांनी आपण कुठे असू, हे संस्थेतल्या माणसांनी एकत्र बसून लिहायचं. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: एकत्र बसून. आमच्याकडच्या संस्थेत पाच वर्षांनी काय होईल हे फक्त अध्यक्षाला माहीत असतं, आणि तो ते बायकोलाही सांगत नाही. अभ्यासक्रमाने संस्था बदलतात का? मी पाहिलेल्या फायलींवरून सांगायचं तर माणूस शिकून येतो, तेव्हा संस्थेत दोन शक्यता असतात. त्याचं ऐकलं जातं, किंवा तो फुटतो. त्यातही दुसरीच अधिक.

आता वडशाच्या पाहुण्याबद्दल सांगते. सावंगीच्या रुग्णालयात चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडून माणसं येतात आणि नातेवाइकांना राहायला जागा लागते. माझी समोरची खोली मी त्यांना देते. एका वर्षी दसऱ्यानंतर वडशाचा एक गृहस्थ त्या खोलीत उतरला. मोठ्या भावाच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. सकाळ-संध्याकाळ वॉर्डात, आणि मधल्या वेळात माझ्या ओसरीवर फोन. सारखा फोन. दुसऱ्या दिवशी कळलं की हा झाडीपट्टी रंगभूमीवरच्या एका कंपनीचा व्यवस्थापक आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी थोडं सांगावं लागेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा झाडीचा मुलूख. धान निघालं, दिवाळी झाली, की होळीपर्यंत इथे रात्रभर चालणारी नाटकं होतात. दंडार, खडी गंमत या लोककलांच्या अंगाखांद्यावर वाढलेली ही रंगभूमी सरकारी अनुदानावर जगत नाही. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तिचं ठाणं. कंपन्यांची ऑफिसं तिथे ओळीने लागलेली. गावातलं मंडळ ठरलेल्या रकमेला कंपनीकडून नाटक घेतं, तिकिटं स्वतः विकतं, उरलेला पैसा गावाच्या कामाला लावतं. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की त्याच रात्री नाटक. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या दिवशी वडशात काय आनंद झाला असेल याची मी कल्पना करू शकते.

पाहुण्याचं रजिस्टर मी मागून घेतलं. सवयच ती. तारीख, गाव, नाटक, रक्कम, ॲडव्हान्स, बाकी, नायिका, खलनायक, गाडी. एका नटाची एकच रात्र दोन गावांना लागली तर लाल शाईने गोल. मला इतकं स्वच्छ दप्तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेतही क्वचित मिळालं आहे. मी विचारलं, “भाऊ, हे कुणी शिकवलं?”

“शिकवते कोन, ताई? पेटी उचलाले होतो पहिले. मंग पडदे. मंग प्रॉम्प्टिंग केलं. मालकाचं नुकसान होये, थे पाहत जाओ. त्याचं कुठं चुकलं थे ध्यानात ठेवलं.”

कोरसात उभ्या राहिलेल्या त्या जुन्या पोराचं बोलणं मला माझ्याच ओसरीवर ऐकायला मिळालं. मी विचारलं, गाव नवं असलं तर पैसे बुडू नयेत म्हणून काय करता? तो म्हणाला, “मंडळाचा अध्यक्ष निराळा अन् पैसा उभा करनारा निराळा रायते. आपन दुसऱ्याले भेटाव. अध्यक्षाले फक्त हार घालाव.” व्यवस्थापनाच्या वर्गात हे कोणत्या तक्त्यात बसवतात, मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने हळूच विचारलं, की भागीदारीचा कागद करून द्याल का. अर्थातच. हा निघणार होता. दोन नट आणि हा, मिळून तिघे. तिघांचा आकडा ऐकून मला हसू आलं. त्याला मी १९१३ ची आणि १९१८ ची गोष्ट सांगितली. टेंबे कोण हे त्याला माहीत नव्हतं, पण टेंबे का निघाले असतील हे त्याला लगेच कळलं.

कागद करताना खरी मजा आली. भांडवल आणि वाटा यांवर कुणी फार वेळ घालवत नाही. मी विचारलं, एक भागीदार निघाला तर पडदे कुणाचे? कंपनीचे. साउंड? कंपनीची. लेखकाकडून लिहून घेतलेली नाटकं? इथे तो थांबला. म्हणाला, जो नायक ते नाटक करतो, तो ते घेऊन जाणारच, अडवून उपयोग नाही. बरं, मी म्हटलं, लिहून घ्यायचं की निघणाऱ्याला एक नाटक मिळेल, एकच. मग मी विचारलं, बुकिंगचा मोबाईल नंबर कुणाचा? यावर मात्र वाद झाला. गावोगावच्या मंडळांकडे तोच नंबर लिहिलेला असतो. नाव बदललं तरी चालतं, नंबर बदलला की कंपनी मेली. “नंबर माहा हाये, ताई. माह्या नावावर.” मी सांगितलं, मग हे तिघं भागीदार नाहीत, दोघं तुमचे नोकर आहेत. कायद्याप्रमाणे भागीदार वारला तर करारात तसं काही लिहिलेलं नसल्यास भागीदारीच संपते. तुम्ही एखाद्या रात्री कोरचीच्या रस्त्यावर गाडीखाली सापडलात, तर तुमच्या खिशातल्या फोनबरोबर कंपनी पोलीस ठाण्यात जमा होईल. बोलणं जरा कठोर झालं, पण रात्रीच्या रस्त्यांवरून गाडी नेणाऱ्याला ते ठाऊक होतं.

शेवटी नवा नंबर कंपनीच्या नावाने घ्यायचा आणि एक हंगाम दोन्ही चालू ठेवायचे, असं ठरलं. रजिस्टर दोन प्रतींत लिहायचं. आणि व्यवस्थापक आजारी असला तर तारखा द्यायचा अधिकार कुणाला, या कलमात त्याने दोन्ही नटांपैकी कुणाचंच नाव घालू दिलं नाही. “नट तारीख देईन तं सोताले पाहून देईन.” त्याने भावाचं नाव घातलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर भावाला शेती होणार नव्हती आणि दौराही; वडशाच्या ऑफिसात खुर्चीवर बसून फोन घेणं जमणार होतं.

सुटी मिळाल्यावर दोघं आणखी काही दिवस माझ्याच खोलीवर राहिले, टाके निघेपर्यंत. फोन स्पीकरवर ठेवून धाकटा बोलायचा, थोरला वॉकर बाजूला ठेवून लिहायचा. गावाने तारीख मागितली की थोरला भाबडेपणाने लगेच हो म्हणायचा. धाकट्याने त्याला थांबवलं: आधी विचार, त्या रात्री शेजारच्या गावात कुणाचं नाटक आहे, मग विचार, त्यांच्या मंडळात यंदा फूट पडली का, पडली असेल तर ॲडव्हान्स दुप्पट घे, नाहीतर तारीख आहे म्हणूनच सांगू नको.